हौशी रेडिओची पहिली परीक्षा : एका छंदाच्या दारात सरकार का उभं आहे?

या मालिकेत आपण एरवी जड विषय घेतो. आजचा विषय वरवर पाहता हलका आहे. आपल्या श्रोत्यांपैकी बरीच तरुण मंडळी, आणि काही निवृत्त मंडळीसुद्धा, सध्या हौशी रेडिओच्या म्हणजे ‘हॅम रेडिओ’च्या पहिल्या पायरीच्या परीक्षेची तयारी करीत आहेत. ओहमचा नियम पाठ चाललाय, क्यू-संकेतांच्या याद्या भिंतीवर चिकटल्यात. त्यांच्या प्रश्नांमधूनच आजचं व्याख्यान उभं राहिलं. प्रश्न बहुतेक एकाच धाटणीचे होते. हे सगळं शिकायचं कशाला? सरावप्रश्न पाठ केले की पास होता येतं, मग पुस्तक उघडायचं कशाला? आणि त्या नियमांच्या कंटाळवाण्या भागाचं काय करायचं?

आम्ही इंजिनियर नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा अँटेना कशी बांधायची ते आमच्याकडून शिकू नका, फार तर पडेल कशी ते सांगू. पण एका गोष्टीचं आम्हाला कुतूहल आहे. चित्रं काढायला परवाना लागत नाही. पेटी वाजवायला लागत नाही, शेजाऱ्यांना कितीही त्रास होवो. पतंग उडवा, तिकिटं जमवा, गड चढा, कोणी लेखी परीक्षा घेत नाही. मग या एकाच छंदाच्या दारात सरकार टेबल टाकून का बसलं आहे? आणि नवख्या माणसाला ते नेमकं काय विचारतं? हा प्रश्न इतिहासाचा आहे, म्हणून आपण इतिहासाकडून जाऊ.

सुरुवातीला परीक्षा नव्हतीच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत हजारो मुलांनी घरच्या घरी ठिणगीचे प्रेषक, म्हणजे स्पार्क ट्रान्समीटर, बनवले. एक इंडक्शन कॉइल, काचेच्या बरणीचा कपॅसिटर, छपरावरून टाकलेली तार. ठिणगी पडली की लहर उठायची आणि ती एका ठिकाणी न राहता जवळजवळ सगळ्या पट्ट्यावर पसरायची. सार्वजनिक विहिरीत प्रत्येकाने आपापली बादली एकाच वेळी सोडावी, तसं ते चित्र होतं. आरमाराचे, कंपन्यांचे, जहाजांचे आणि पोरांचे संदेश एकमेकांत मिसळत. ‘हॅम’ हा शब्दसुद्धा मूळचा गौरवाचा नाही. तारखात्यातले पट्टीचे लोक कच्च्या हाताच्या माणसाला हिणवून तसं म्हणत. पुढे हौशी लोकांनी ती शिवीच अंगावर मिरवायला सुरुवात केली.

मग १९१२ चा एप्रिल आला. टायटॅनिकची गोष्ट आपण सर्वांनी सिनेमात पाहिली आहे, पण तिची बिनतारी बाजू फारशी सांगितली जात नाही. कॅलिफोर्नियन नावाचं एक जहाज त्या रात्री तुलनेने जवळ, बर्फात थांबलेलं होतं. त्याच्यावरच्या बिनतारी माणसाने टायटॅनिकला बर्फाची खबर द्यायचा प्रयत्न केला. टायटॅनिकचा माणूस त्या वेळी केप रेसच्या किनारी केंद्राकडे प्रवाशांचे खासगी संदेश पाठवण्यात गुंतला होता. त्याने उलट ‘गप्प बस, मी कामात आहे’ अशा अर्थाचं सुनावलं. कॅलिफोर्नियनचा माणूस थोडा वेळ ऐकत राहिला आणि रात्री साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद करून झोपला. ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळलं. मदतीची हाक हवेत होती, पण सर्वांत उपयोगी पडू शकला असता तो कान मिटलेला होता.

पुढचे दोन दिवस हवेत गोंधळ माजला. सगळे प्रवासी सुखरूप आहेत, जहाज ओढून नेलं जात आहे, अशी खोटी बातमी छापून आली आणि तिचा ठपका हौशी मंडळींवरही ठेवण्यात आला. तो कितपत न्याय्य होता यावर आजही वाद होऊ शकतो. पण कायदा व्हायला निमित्त लागतं आणि ते मिळालं होतं. १३ ऑगस्ट १९१२ रोजी अमेरिकेचा रेडिओ कायदा मंजूर झाला. खासगी केंद्रांना २०० मीटर किंवा त्याहून कमी तरंगलांबी आणि जास्तीत जास्त एक किलोवॅट शक्ती अशी मर्यादा आली. आणि परीक्षा आली.

त्या पहिल्या परीक्षेत काय होतं हे जरा बारकाईने पाहू, कारण आजच्या तुमच्या अभ्यासक्रमाची मुळं तिथेच आहेत. सरकारी निरीक्षकासमोर बसून मिनिटाला पाच शब्दांच्या वेगाने मोर्स घ्यायची आणि पाठवायची. आपल्या यंत्राची जुळवणी आणि वापर यांचं पुरेसं ज्ञान दाखवायचं. आणि इतरांच्या संदेशांत अडथळा न आणण्याविषयीचे, बिनतारी माणसाच्या कर्तव्यांविषयीचे आंतरराष्ट्रीय नि देशी नियम माहीत असल्याचं सिद्ध करायचं. म्हणजे हात, बुद्धी आणि वागणूक, तिन्हींची तपासणी. जे फार दूर राहत आणि निरीक्षकापर्यंत पोहोचू शकत नसत, त्यांना टपालाने दुय्यम श्रेणीचा परवाना मिळे. त्यांनी स्वतःच लिहून द्यायचं की आम्हाला हे येतं. सरकारने नागरिकाच्या शब्दावर इतका विश्वास टाकल्याची उदाहरणं फार नाहीत, म्हणून आम्हाला हा तपशील आवडतो.

२०० मीटरच्या अटीत एक गंमत दडलेली आहे. त्या काळच्या जाणकारांचं मत असं, की लहर जितकी लांब तितकी ती दूर जाते, आखूड लहरी कुचकामी. म्हणून निरुपयोगी माळरान पोरांना देऊन टाकावं, तशा या आखूड लहरी हौशी लोकांना दिल्या. तिथे खेळा, मोठ्यांच्या वाटेत येऊ नका! पोरांनी खेळता खेळता जमीन नांगरली. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या लेआँ देलॉय याने अमेरिकेतल्या दोन हौशी केंद्रांशी अटलांटिक ओलांडून दुतर्फा संभाषण केलं. लहर होती सुमारे ११० मीटरची. वातावरणाच्या वरच्या थरांवरून, म्हणजे आयनांबरावरून, आखूड लहरी परावर्तित होऊन हजारो मैल जातात हे ध्यानात आलं आणि मग मोठमोठ्या कंपन्या, सरकारं, प्रसारण संस्था याच माळरानावर धावून आल्या. परीक्षेत ‘आयनांबराचे थर आणि लघुलहरींचे प्रसरण’ असा जो धडा तुम्ही घोकता, तो प्रयोगशाळेइतकाच परवानाधारक पोराटोरांच्या छपरांवर लिहिला गेला आहे.

१९२७ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि हौशी रेडिओला जगभर मान्य असं स्थान मिळालं. त्यात मोर्स येण्याची अट होती. या अटीमागचं कारण फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून ते लक्षात ठेवा. जहाजं, किनारी केंद्रं, सगळा संकटकाळचा व्यवहार मोर्समध्ये चाले. एखाद्या हौशी माणसाची लहर एखाद्या बुडत्या जहाजाच्या हाकेवर चढली, तर ‘तू थांब’ हे त्याला मोर्समध्येच सांगितलं जाणार. ते त्याला समजलं पाहिजे. मोर्सची अट ही प्रथम ऐकण्याची अट होती. बोलण्याची हौस नंतर.

आता आपल्याकडे येऊ. इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे.

हिंदुस्थानात १८८५ चा तारकायदा होता. त्यावर १९३३ साली बिनतारी कायदा आला आणि १ जानेवारी १९३४ पासून लागू झाला. या कायद्याची मेख अशी, की परवान्याशिवाय बिनतारी यंत्र वापरणंच नव्हे, नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, घरात गाणी ऐकायचा साधा रेडिओ असला तरी दरवर्षी पोस्टात जाऊन त्याचं लायसन्स नवं करावं लागे. ते पुस्तक पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाच्या शेजारी असायचं. १९८०च्या दशकात ती पद्धत गेली. बिनाका ऐकणाऱ्या आजीबाईसुद्धा कायद्याच्या दृष्टीने परवानाधारक होत्या!

हौशी प्रेषणाची सुरुवात आपल्याकडे कलकत्त्याला झाली. १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस ही नावं नोंदलेली आहेत. १९२३ मध्ये मुंबई आणि कलकत्त्याला रेडिओ क्लब सुरू झाले. १९२९ मध्ये भारतीय केंद्रांच्या नावाआधी ‘व्हीयू’ ही अक्षरं आली, ती आजतागायत आहेत. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशभरात पन्नासहूनही कमी हौशी परवानाधारक होते. आणि १९३९ ला महायुद्ध सुरू होताच नवे परवाने थांबले, असलेल्यांना आपापली यंत्रं पोलिसांत जमा करायला सांगण्यात आलं. परकी सरकार आणि प्रजा यांच्यातला विश्वास मुळातच तोकडा होता, युद्धाने तोही संपवला.

१९४२ च्या ऑगस्टअखेरीला मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. २२ वर्षांच्या उषा मेहता, त्यांचे सहकारी, मागे राममनोहर लोहियांसारखे नेते, आणि मुंबईतली रेडिओचं तंत्र जाणणारी माणसं. केंद्र सतत जागा बदलत असे, कारण पोलिसांच्या दिशाशोधक गाड्या मागावर असत. १२ नोव्हेंबरला छापा पडला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली, त्या येरवड्याला होत्या. पुढे त्यांनी डॉक्टरेट केली, मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं, १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आता वही काढा. काँग्रेस रेडिओ आपला पत्ता सांगताना ठिकाण सांगत नसे, तरंगलांबी सांगत असे : ४२.३४ मीटर. तुमच्या अभ्यासक्रमात पहिल्याच आठवड्यात एक सूत्र येतं. ३०० ला मीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की मेगाहर्ट्झमध्ये वारंवारता मिळते. ३०० भागिले ४२.३४. उत्तर येतं सुमारे ७.०८. म्हणजे हौशी मंडळी ज्याला ‘४० मीटरचा पट्टा’ म्हणतात, नेमकी त्यातली जागा! युद्धामुळे हौशी केंद्रं गप्प केली होती, त्यांच्याच रिकाम्या घरातून देशाचा आवाज निघत होता. आणि अर्ध्या तरंगलांबीची तार धरली तर सुमारे २१ मीटर लांबीची. दिशाशोधक गाड्या फिरत असताना, दर थोड्या दिवसांनी नव्या जागी अशी तार लपवून टांगायची म्हणजे काय, हे त्या एका भागाकारातून कळतं. सूत्र पाठ करणाऱ्याला ‘७.०८’ हा एक आकडा मिळतो. भागाकार करून थोडं थांबणाऱ्याला १९४२ ची मुंबई दिसते.

पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे पुढे पळता येत नाही. कुणीतरी विचारणारच, की ज्यांनी परवाना घेतला नाही, कायदा मोडला, त्यांना आपण वंदन करतो, आणि आज तुम्हाला सांगतो की नियमांचा भाग नीट वाचा. हे कसं? आमचं उत्तर असं. परवान्याच्या दोन जाती आहेत. एक परवाना राज्यकर्ता प्रजेला देतो, ‘तुझ्यावर माझी नजर आहे’ एवढंच सांगण्यासाठी. १९३३ चा कायदा बव्हंशी त्या जातीचा होता. दुसरा परवाना एकाच विहिरीवर पाणी भरणारे लोक एकमेकांना देतात, सरकार तिथे फक्त कारकून असतं. काँग्रेस रेडिओने पहिल्या जातीचा परवाना झुगारला. दुसऱ्या जातीचा झुगारायला त्यांच्याजवळ काही कारणच नव्हतं. अडचण ही, की स्वातंत्र्यानंतर कायदा पुष्कळसा तोच राहिला आणि कागदावर या दोन्ही जाती एकाच शिक्क्याखाली नांदतात. पोलीस पडताळणीसाठी महिनोन्‌महिने अडकलेला अर्ज ही पहिल्या जातीची शिल्लक आहे. ती सोसावी लागते, पण तिच्यावरून सगळ्या परीक्षेची किंमत ठरवू नये.

स्वातंत्र्यानंतरची वाढ संथच होती. संघटना झाल्या, १९५४ मध्ये अ‍ॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. यंत्रं मिळत नसत, मिळाली तर परवडत नसत. लष्कराच्या भंगारातून सुटे भाग आणून पुष्कळांनी संच जुळवले. १९८४ साली राजीव गांधींनी, जे स्वतः परवानाधारक हौशी होते, यंत्रांवरचं आयातशुल्क माफ केलं तेव्हा जरा दार किलकिलं झालं. १९७८ च्या नियमांत श्रेणी होत्या. दुसऱ्या श्रेणीला मिनिटाला पाच शब्द मोर्स, पहिलीला बारा. त्या बारा शब्दांपायी कित्येक हुशार माणसं वर्षानुवर्षं खालच्याच पायरीवर राहिली.

या पायरीचा प्रश्न सगळ्या जगाला पडला होता. नवख्यासाठी दार किती उंच ठेवायचं? अमेरिकेने १९५१ मध्ये ‘नॉव्हिस’ म्हणजे शिकाऊ परवाना काढला. पाच शब्द मोर्स, सोपी परीक्षा, ७५ वॅटची मर्यादा, स्फटिकाने बांधलेली वारंवारता, आणि मुदत एकच वर्ष. नूतनीकरण नाही. वर्षभरात वर चढा नाहीतर उतरा. जपानने १९५८ मध्ये मोर्सशिवायची श्रेणी सुरू केली, आंतरराष्ट्रीय नियमाची फारशी तमा न बाळगता, आणि १९९०च्या दशकात तिथे तेरा लाखांहून जास्त हौशी केंद्रं होती. जगात सर्वांत जास्त. आपली संख्या अजून हजारांत मोजली जाते. ही तुलना आम्हाला सलते, पण आज तिच्या खोलात जात नाही.

शेवटी काय झालं? १९९९ मध्ये समुद्रावरची संकटव्यवस्था उपग्रहांवर आणि स्वयंचलित यंत्रणेवर गेली, जहाजांनी मोर्स सोडली. ज्या कारणाने हौशी माणसाला मोर्स यायला हवी होती ते कारणच संपलं. २००३ च्या जिनिव्हाच्या जागतिक परिषदेने ती आंतरराष्ट्रीय अट काढली. अनेक जुन्या मंडळींना फार दुःख झालं. आता कुणीही येईल, दर्जा घसरला, वगैरे. आम्हाला हे दुःख कळतं, पण पटत नाही. मोर्स ही सुंदर कला आहे, ती शिकावी. पण अट म्हणून ती ज्या कामासाठी होती ते काम संपल्यावर तिला उंबरठ्यावर ठेवणं म्हणजे सोवळं झालं. आपल्याकडे प्रवेशाच्या श्रेणीला, ‘रिस्ट्रिक्टेड ग्रेड’ला, मोर्स लागत नाही. वय किमान १२ वर्षं. परीक्षेचे दोन भाग, एक रेडिओशास्त्राचा आणि दुसरा देशी-आंतरराष्ट्रीय नियमांचा, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावं लागतं. एकातले गुण दुसऱ्याला उसने देता येत नाहीत.

म्हणजे १९१२ च्या तीन गोष्टींपैकी हाताची गेली. बुद्धी आणि वागणूक राहिली. आता बुद्धीच्या भागाचं काय झालं ते पाहू, कारण ‘पाठ केलं तर काय बिघडलं’ हा तुमचा प्रश्न तिथे आहे.

अमेरिकेत १९७०च्या दशकापर्यंत परीक्षेतले प्रश्न गुप्त असत. एका चलाख प्रकाशकाने परीक्षा देऊन बाहेर पडणाऱ्यांना गाठून, त्यांच्या आठवणीतले प्रश्न गोळा करून पुस्तकं छापली. मोठा गदारोळ झाला, काहींनी त्याला धंदेवाईक चोर म्हटलं. पण त्यातून निघालेली वाट अनपेक्षित होती. १९८०च्या दशकात सरकारने परीक्षा घ्यायचं काम अनुभवी हौशी स्वयंसेवकांकडे सोपवलं आणि प्रश्नपेढ्या उघड्या केल्या. आज तिथल्या पहिल्या पायरीच्या परीक्षेत ३५ प्रश्न असतात, २६ बरोबर आले की पास. आणि ते ज्यातून निवडले जातात ते सुमारे चारशे प्रश्न उत्तरांसह कुणालाही वाचायला मिळतात. आपल्याकडेही सरावप्रश्नांचे संच हातोहात फिरतात.

गिल्बर्ट राईल नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ च्या आपल्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात एक साधा भेद मांडला. ‘अमुक असं आहे हे माहीत असणं’ वेगळं आणि ‘अमुक करता येणं’ वेगळं. पोहण्याची माहिती आणि पोहणं. आमचे विद्यार्थी हा भेद परीक्षेत उत्तम लिहीत, आणि लिहितानाच तो भेद खरा करून दाखवीत! तेव्हा घोकंपट्टीला आम्ही सरसकट शिव्या घालणार नाही. परवचा म्हटल्याशिवाय हिशेब झाले नसते. क्यू-संकेत, अक्षरांची ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही नावं, पट्ट्यांच्या मर्यादा, हे पाठच करायचं. कानात आवाजाची चिरफाड होत असताना ‘पी की बी’ हा विचार करायला वेळ नसतो.

पण काही प्रश्न असे असतात, की त्यांचं उत्तर पाठ केलं तर प्रश्नच वाया जातो. एक नमुना घेऊ. ‘७.१ मेगाहर्ट्झवर प्रेषण करताना दुसरा हार्मोनिक कुठे पडेल?’ उत्तर १४.२. पाठ करणारा ‘ब’ वर खूण करतो. आता हार्मोनिक म्हणजे काय? आपल्याकडे हे समजावायला तंबोऱ्याइतकं चांगलं साधन नाही. खरजाची तार छेडली की तिच्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो मूळ स्वराच्या पाचपट वारंवारतेवर असतो. गायकाला तो प्रसाद वाटतो. रेडिओवाल्याला तीच गोष्ट दोष, कारण तुमच्या यंत्रातून तुम्ही न छेडलेली लहर निघते आणि दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडते.

आता ७.१ चे पट करीत चला. १४.२, २१.३, २८.४. नकाशा उघडून बघा, ही तिन्ही ठिकाणं हौशी मंडळींच्याच पट्ट्यांत पडतात. हे पट्टे असे एकमेकांच्या पटीत आहेत याचा व्यावहारिक फायदा हा, की कच्च्या यंत्रातून निघालेला कचरा पुष्कळसा आपल्याच घरात पडतो, विमानाच्या किंवा जहाजाच्या वाटेत नाही. आणि तरीही फिल्टर लावावाच लागतो, कारण आपलं घर म्हणजेही इतर हौशी लोक. मग हा प्रश्न शास्त्राचा की वागणुकीचा? आम्हाला विचाराल तर शास्त्राच्या भागातले निम्मे प्रश्न वेष बदललेले शेजारधर्माचे प्रश्न आहेत. जास्तीची शक्ती, गळणारी लहर, चुकीची जुळवणी, सगळ्यांचा शेवट ‘दुसऱ्याचं काय होईल’ इथेच होतो. पाठ करणाऱ्याला ‘ब’ येतो आणि शेजारी दिसत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. पास व्हाल, पण परवाना ज्या कारणाने मागितला जातो ते कारण तुमच्या हाती लागणार नाही.

ब्रिटनने २००२ मध्ये पहिल्या पायरीचा ‘फाउंडेशन’ परवाना सुरू केला तेव्हा त्यात देखरेखीखाली प्रत्यक्ष संभाषण करून दाखवण्याचा भाग ठेवला होता. मोर्सही होती, पण वेगाची परीक्षा म्हणून नाही. समोर तक्ता ठेवून सावकाश पाठवायची, घ्यायची, चव घेतल्यासारखी. राईलला ही योजना आवडली असती असं आम्हाला वाटतं.

राहिला नियमांचा भाग, ज्याच्यावर तुमची सगळ्यांची खप्पामर्जी आहे. त्यात ‘सायलेन्स पीरियड’ म्हणजे मौनकाळ हा एक जुना विषय येतो. पूर्वी जहाजांच्या बिनतारी खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर रंगीत पाचरी रंगवलेल्या असत. लाल पाचर १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांवर. त्या प्रत्येकी तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर कोणी बोलायचं नाही. हिरवी पाचर तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या पुढच्या तीन मिनिटांवर, २१८२ किलोहर्ट्झसाठी. सगळ्या समुद्रावर तासातून दोनदा तीन मिनिटं शांतता. कशासाठी? दूरवर कुठेतरी बॅटरी संपत आलेली एखादी क्षीण हाक असेल, तर ती ऐकू यावी म्हणून. कॅलिफोर्नियनच्या मिटलेल्या कानाला पुढच्या पिढीने दिलेलं उत्तर घड्याळाच्या तबकडीवर रंगवलेलं होतं.

तुमच्या पुस्तकात या सगळ्याची एक ओळ असते आणि तिच्यावर एक गुण असतो.

बाकीचे नियमही असेच वाचून पाहा. हौशी केंद्रावरून गाणी लावायची नाहीत, जाहिरात नाही, सांकेतिक लिपी नाही, आपल्यासाठी नसलेला संदेश कानावर पडला तर तो फोडायचा नाही. तिऱ्हाइताचे निरोप एरवी पोहोचवायचे नाहीत. हा शेवटचा नियम जाचक वाटतो, आणि त्याला अपवाद ठेवलेला आहे तो आपत्तीचा. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या दिल्लीच्या हौशी रेडिओचालक काही सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानातून बऱ्याच वर्षांनी हौशी प्रेषणाला परवानगी मिळाली होती, जगभरचे लोक त्या दुर्मिळ जागेशी दोन शब्द बोलायला रांगेत होते. २६ तारखेला त्सुनामी आली. फोन बंद पडले. त्यांचं छंदाचं केंद्र काही तासांत बेटं आणि मुख्य भूमी यांच्यातला दुवा झालं, आणि माणसं जिवंत असल्याचे निरोप, म्हणजे एरवी निषिद्ध असलेले तिऱ्हाइताचे निरोप, तिथून जाऊ लागले. आपल्या किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात आणि २००१ च्या भुजच्या भूकंपातही हौशी मंडळी यंत्रं घेऊन पोहोचली होती. अशा वेळी एका वारंवारतेवर पन्नास जण असतात आणि त्यांतल्या एकालाच बोलायचं असतं. उरलेल्या एकोणपन्नासांनी काय करायचं, ते त्या कंटाळवाण्या भागात लिहिलेलं आहे.

वेळ होत आला. दोन-तीन व्यावहारिक प्रश्न राहिलेत. अर्ज, शुल्क, परीक्षेचं केंद्र यांची माहिती बदलत असते, ती दूरसंचार विभागाच्या संकेतस्थळावरच पाहा, आमच्यावर विसंबू नका. वयाला वरची मर्यादा आहे का, असं एका आजोबांनी विचारलं आहे. नाही. जोडीने अभ्यास करावा का? जरूर करा, विशेषतः संकेत पाठ करताना एकाने खोलीबाहेरून बोलावं आणि दुसऱ्याने लिहून घ्यावं.

आणि परवाना हातात येईपर्यंत काय करायचं, असं बऱ्याच जणांनी विचारलं आहे. ऐका. इंटरनेटवर सर्वांसाठी खुले असलेले रेडिओ-ग्राहक आहेत, नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा फार प्रसिद्ध आहे. तिथे ७ मेगाहर्ट्झच्या वरचा भाग लावा. आवाज आधी बदकाच्या बोलण्यासारखा येईल, ‘एलएसबी’ निवडलंत की माणसाचा होईल. परीक्षेआधी आठवडाभर रोज अर्धा तास एवढंच करा. कोण कुणाला कधी वाट देतं, दोघे एकदम बोलले तर कोण थांबतं, ते वहीत टिपून ठेवा.